धाकटीने न लिंपलेली खिडकी

एका कुंपणावर लाल भोपळ्याचा वेल चढला होता आणि त्या वेलाच्या एका पानात एक अख्खं गाव नांदत होतं. पानात गाव कसं मावेल, असं विचारू नका. पान होतं सुपाएवढं, आणि घरं इतकी बारीक की मोहरीच्या एका दाण्यावर तसली शेकडो घरं सहज मांडता आली असती. त्या घरांना पेशी म्हणतात. तुमच्या आमच्या अंगातही अशीच घरं आहेत, पण आपली गोष्ट भोपळ्याच्या पानातली.

त्या गावात घराला घर लागून होतं. अंगण नाही, ओटा नाही, गल्ली नाही. एका घराची भिंत संपली की तिथेच दुसऱ्याची सुरू. पण प्रत्येक भिंतीला खिडक्या होत्या आणि सगळा गाव त्या खिडक्यांवर चालायचा. वरच्या आळीतल्या घरांत हिरव्या चुली असत. ऊन पडलं की चुली पेटत आणि घरोघरी साखर शिजू लागे. शिजलेली साखर आपल्यापुरती ठेवायची आणि बाकीची शेजारच्या खिडकीतून सरकवायची. सरकवताना म्हणायचं, “घ्या, पुढे द्या.” घेणाराही आपल्यापुरतं ठेवून पुढच्याला तेच म्हणे. पाणीही असंच हातोहात जायचं.

निरोपही खिडकीतूनच जायचे, पण तोंडी नाही. तोंडी निरोपाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. चार घरं फिरला की त्याला शिंगं फुटतात आणि शेपूटही येतं. म्हणून या गावात निरोपाची गोळी करत. पाण्याच्या निरोपाची गोळी वेगळ्या आकाराची, उन्हाच्या निरोपाची वेगळी. प्रत्येक घराच्या खिडकीशी खाचा कोरलेल्या असत. गोळी खाचेत चपखल बसली की घराला निरोप कळायचा. मग घरातली पोथी उघडायची, तिच्यात पाहून तशाच दहा गोळ्या वळायच्या आणि पुढच्यांना द्यायच्या. पोथी प्रत्येक घरात असे. भिंत कशी बांधावी, गोळी कशी वळावी, सगळं तिच्यात लिहिलेलं.

संकटाच्या वेळचा नियम मात्र पोथी न उघडताही सगळ्यांना पाठ होता. आधी निरोप, मग लिंपण. रोगराई आली तर प्रथम गोळ्या वळून पुढे धाडायच्या आणि त्यानंतर चिकट लिंपणाने आपल्या खिडक्या बुजवायच्या. कालपरवा जन्मलेली घरंसुद्धा हा नियम घडाघडा म्हणून दाखवत. पण पाठ असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

या पानाच्या मधल्या शिरेत दोन बहिणी राहत होत्या. एकाच घराचे दोन वाटे होऊन झालेल्या, म्हणजे अगदी पाठच्या बहिणी. गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा.

शिरेतल्या घरांची एक जुनी रीत होती. दोघी बहिणींतल्या एकीने आपलं घर रिकामं करायचं. कारण असं, की पानात शिजलेली साखर देठातून, वेलातून पार भोपळ्यापर्यंत पोचवायची असे, आणि भांड्याकुंड्यांनी भरलेल्या घरांतून ती जाणार कशी? म्हणून एकीने चूल काढायची, रांजण काढायचा, पोथीसुद्धा टाकून द्यायची. समोरच्या आणि मागच्या भिंतीला चाळणीसारखी भोकं पाडायची आणि स्वतः रस्ता होऊन राहायचं. जीव राहतो, पण त्या जिवाला लागणारी प्रत्येक गोष्ट मग शेजारच्या बहिणीच्या खिडकीतून यावी लागते. एक दिवस खिडकी बंद राहिली तर रस्ता झालेली बहीण संपते.

घर रिकामं करण्याचा दिवस आला तेव्हा धाकटी घाबरली. ती पोथी उराशी धरून कोपऱ्यात बसली.

थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “रडतेस कशाला वेडे? मी होते मोकळी. पोथी वाचायचा मला तसाही कंटाळा. तू वाच आणि मला लागेल ते दे.”

ते खोटं होतं. थोरली पोथी धाकटीपेक्षा चांगली वाचत असे. धाकटीला ते माहीत होतं आणि माहीत असूनही ती गप्प बसली. हे गप्प बसणं तिला पुढे जन्मभर टोचत राहिलं.

टोचणी लागली की काही जण मऊ होतात. धाकटी तिखट झाली. एका पोथीवर दोन घरं चालवायची म्हणजे सकाळपासून हाताला उसंत नाही. शेजारून आलेली साखर घ्यायची, थोरलीकडे ढकलायची, तिची भिंत डागडुजी करायची, चाळणीची भोकं साफ ठेवायची. हे करताना तोंड अखंड चालू. “हे काय, पुन्हा भोक बुजलं? मेली जरा लक्ष देत नाही. सरक तिकडे.” थोरली हसायची. तिच्याजवळ बोलण्यासारखं फार नव्हतं, कारण पोथीच नव्हती. जे तिच्यातून वाहत जाई तेवढंच तिला कळे.

भोपळा गावातल्या कुणीच पाहिला नव्हता. तो वेलाच्या दुसऱ्या टोकाला होता. पण थोरलीला त्याची ओढ कळायची. विहिरीत सोडलेल्या दोरीला खालून कुणी हलकेच ओढावं तशी. रोज सकाळी धाकटी विचारायची, “कसा आहे गं?” आणि थोरली म्हणायची, “ओढतोय.” तेवढं ऐकलं की धाकटीचा दिवस बरा जाई. भोपळा अजून मुठीएवढा होता. त्यात बिया भरायच्या होत्या, आणि बिया भरल्या नाहीत तर पुढच्या साली हा वेलच नसणार, हे पोथीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

धाकटीच्या शेजारी, वरच्या आळीच्या बाजूला, कोठीकाकूंचं घर. घर कसलं, कोठारच. भला मोठा पाण्याचा रांजण, भिंतीला लावून पिठाची पोती आणि वर एक छोटी हिरवी चूल. साखर जास्त झाली की काकू तिचं पीठ करून ठेवत. स्वभावाने बाई वाईट नव्हत्या, पण त्यांचा जीव पोत्यांत होता.

“धाकटे,” काकू म्हणायच्या, “किती राबशील त्या रिकामीसाठी? तिच्या घरी चूल नाही, पोथी नाही. तू देतेस, ती पुढे घालवते. तुझ्या पदरात काय पडतं?”

“तुमच्या रांजणातलं पाणी कुठून येतं काकू?”

“खालून, मुळाकडून. शिरेतल्या नळाने, तो वरच वाहतो.”

“आणि मुळांना खायला कोण घालतं? तुमची पोती चालत जातात का तिथे? माझ्या बहिणीच्या घरातूनच जातं सगळं.”

काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबत. “आमच्या वेळी लहान तोंडी एवढा मोठा घास घेत नसत,” म्हणून त्या पोती मोजायला वळत. पण साखर मात्र वेळेवर सरकवत. “घे बाई, पुढे दे.”

असे दिवस चालले होते आणि एका सकाळी वाऱ्याबरोबर भुरी आली.

भुरी म्हणजे पांढरी पूड. दिसायला पीठ सांडल्यासारखी, पण भारी लबाड. पानावर बसते, घराच्या छपरातून सुईसारखं मूळ खाली घालते आणि आतलं सगळं शोषून घेते. एक घर खाऊन झालं की शेजारचं. पान पांढरं पडतं, मग सुकतं, आणि वारा तीच पूड उचलून पुढच्या पानावर नेतो. अख्खा वेल आठ दिवसांत जातो.

ती पहिल्यांदा उतरली पानाच्या काठावर, एका म्हातारीच्या छपरावर. म्हातारीने वरून टोचलेली सुई पाहिली आणि काय आहे ते ओळखलं. ती घाबरली नाही असं मी म्हणणार नाही. पण तिने पोथी उघडली, भुरीच्या निरोपाचं पान काढलं आणि दहा गोळ्या वळल्या. चहूकडच्या खिडक्यांतून त्या दिल्या आणि म्हणाली, “घ्या, पुढे द्या. बाकीच्या पानांना कळू दे. वेळेवर कळलं तर ती आपला रस कडू करून ठेवतील, मग हिची डाळ शिजणार नाही.”

“आणि तुम्ही?” शेजारणीने विचारलं.

“हिला खायला जिवंत घर लागतं. ते मी तिला मिळू देणार नाही.”

एवढं बोलून म्हातारीने आतून खिडक्या लिंपल्या आणि आपलं घर आपल्याच हाताने पाडून घेतलं. भुरीचं मूळ त्या पडक्या घरात अडकलं आणि वाळून गेलं. काठावर एक तपकिरी ठिपका तेवढा राहिला.

तिच्या शेजारच्या घरांनी निरोप नीट पुढे दिला. त्यांच्या पुढच्यांनीही दिला. पण भुरीची पूड आणखी दोनचार ठिकाणी पडली होती, आणि भीती गोळीपेक्षा जास्त वेगाने धावते. मधल्या आळीत कुणीतरी घाबरून आधी खिडकी लिंपली. ते पाहून शेजाऱ्याने लिंपली. मग एकाने लिंपलं म्हणून दुसऱ्याने, आणि दुसऱ्याने लिंपलं म्हणून तिसऱ्याने. गोळ्या हातातच राहिल्या. नियम सगळ्यांना पाठ होता, पण जो तो म्हणत होता की आधी माझी खिडकी होऊ दे, निरोप काय मग देता येईल. खिडकी लिंपल्यावर निरोप कुठून देणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

शिरेपर्यंत एकच गोळी पोचली, कोठीकाकूंकडे. काकूंच्या खाचेत ती बसली आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लिंपणाचं घमेलं ओढलं आणि भराभर खिडक्या बुजवायला घेतल्या.

धाकटीला आधी कळलं ते वासाने. लिंपणाचा तो दमट वास. मग तिच्या लक्षात आलं की सकाळपासून साखर कमी येते आहे. ती काकूंच्या खिडकीशी गेली. सहा खिडक्यांपैकी पाच बंद झाल्या होत्या आणि सहावीच्या कडा आत येत होत्या.

“काकू, काय झालं?”

“विचारू नकोस. तू पण लिंपून घे.”

“निरोप आला असेल. गोळी कुठे आहे?”

“अगं बाई, जीव वाचव आधी. निरोपाचं मग बघू.”

“आधी निरोप, मग लिंपण, काकू. तुम्हीच मला शिकवलात.”

“शिकवायला काय जातंय? आता छपरावर आलं आहे ते.”

धाकटीने उरलेल्या फटीत हात घातला आणि काकूंच्या मुठीतली गोळी ओढून घेतली. त्याच क्षणी फट बुजली. गोळी थोडी दबली होती, पण तिने ती खाचेत ठेवली आणि ती बसली. भुरी. काठाच्या म्हातारीकडून. बाकीच्या पानांना कळवा.

धाकटीने आजूबाजूला पाहिलं. वरच्या आळीकडच्या सगळ्या खिडक्या पलीकडून बंद. उघडी राहिली होती ती फक्त थोरलीकडची. अख्ख्या गावातून बाहेर जायचा तोच एक रस्ता उरला होता.

थोरली पलीकडून म्हणाली, “धाकटे, वास येतोय. काय आहे?”

धाकटीने सांगितलं.

थोरली म्हणाली, “माझ्याकडची खिडकी लिंपून घे. सगळी साखर आपल्या भिंतीला लाव, जाड कर. तू तरी राहशील. माझं काय, मी रिकामीच आहे.”

खरं सांगायचं तर धाकटीला तेच हवं होतं. तिचे हात लिंपणाकडे गेलेही होते. भीती तीच होती, पोथी उराशी धरून कोपऱ्यात बसलेल्या दिवसाची. तेव्हाही थोरली असंच काहीतरी बोलून तिची सुटका करायला निघाली होती. धाकटीला एकदम स्वतःचा असा राग आला की भीती त्यात वितळून गेली.

“गप्प बैस,” ती म्हणाली. “रिकामी म्हणे. एकदा तुझं ऐकलं, त्याचं अजून सोसतेय. आता ऐकायची नाही.”

पण राग आला म्हणून साखर वाढत नाही. धाकटीकडे होती जेमतेम एका दिवसाची शिदोरी, आणि नवी येणार नव्हती. भिंत जाड करायची तर ती सगळी भिंतीत जाणार. गोळ्या वळायच्या तर सगळी गोळ्यांत जाणार. शिवाय दहा गोळ्यांनी भागणार नव्हतं. वेलाला चाळीस पानं. रस्त्यात किती हरवतील, किती कुठे अडकतील. हजारांनी वळायला हव्या होत्या.

तिने वरच्या आळीकडच्या आपल्या खिडक्या लिंपून घेतल्या, कारण पलीकडून भुरी आली तर गोळ्या वळायलाच कुणी राहिलं नसतं. लिंपण वाईट नव्हतं, फक्त त्याची वेळ होती. थोरलीकडची खिडकी मात्र तिने सताड उघडी ठेवली. मग पोथी मांडून ती बसली आणि गोळ्या वळू लागली.

ऊन चढलं. धाकटी वळत होती आणि खिडकीतून टाकत होती. “घे, पुढे दे. घे, पुढे दे.” थोरली त्या वाहून नेत होती. तिच्या पुढच्या मोकळ्या घरातून, त्याच्या पुढच्यातून, देठातून, वेलाकडे. तोंडाचा पट्टा चालूच होता. “ही वाकडी झाली, कोण घेईल ही? घे तरी. अगं चाळणी बघ, अडकली तिथे. मेलीला शंभरदा सांगितलं.” थोरलीने शंभरदा काही ऐकलं नव्हतं, पण तिने अडकलेली गोळी पुढे ढकलली.

दुपार टळली तशी धाकटीची साखर संपली. आधी तिचं बोलणं बंद झालं. थोरलीने ते ऐकलं, म्हणजे न ऐकलेलं ऐकलं, आणि ती घाबरली.

“धाकटे?”

“आहे.”

“शिव्या दे.”

“जीव नाही.”

मग तिचे हात थांबले. गोळी अर्धी वळलेली होती. धाकटी भिंतीला टेकली आणि तिच्या मनात आलं, की एवढ्यात काय झालं असेल? शंभर गोळ्या गेल्या असतील, फार तर दोनशे. चाळीस पानांना पुरतील का? काठाच्या म्हातारीने घर पाडून घेतलं आणि तिचा निरोप इथे माझ्या मांडीवर अर्धवट राहणार. धाकटीला रडू आलं.

आणि तेवढ्यात खिडकीतून काहीतरी आत आलं. गोड.

जन्मात पहिल्यांदा त्या खिडकीतून साखर उलटी आली होती.

“घे,” थोरली म्हणत होती.

“कुठून आणलीस? तुझ्याकडे चूल नाही.”

“मी कुठे आणली? शिरेच्या टोकाकडून येतेय. तिकडच्या घरांना अजून काही कळलेलं नाही, त्यांच्या चुली चालू आहेत. नेहमीसारखी माझ्यातून चालली होती. माझ्याकडे भरपूर, तुझ्याकडे काही नाही, आणि मधली खिडकी उघडी. आपोआप वळली तुझ्याकडे.”

यात जादू काही नव्हती. जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे जाणं हा साखरेचा स्वभावच आहे. फक्त वाट उघडी हवी. धाकटीने सकाळी ती खिडकी लिंपली असती तर थोरली उपाशी मेली असती, आणि जाड भिंतीच्या आत धाकटीही. गावाने जिला रिकामी म्हणून हिणवलं होतं तिच्या घरातून त्या दिवशी धाकटीचं पोट भरलं.

धाकटी उठून बसली. पहिली गोळी पुरी केली आणि म्हणाली, “एवढी साखर होती तर दुपारी द्यायला काय झालं होतं?”

थोरलीचा जीव भांड्यात पडला. तिची बहीण जिवंत होती.

ऊन उतरेपर्यंत धाकटीने गोळ्या वळल्या. दुसऱ्या दिवशी ऊन आलं तशा पुन्हा वळल्या. रस्ता गोळ्यांनी आणि साखरेने भरून वाहत होता. शेजारच्या पानाला पहिली गोळी मिळाली, त्याने पोथी उघडली आणि आपला रस कडू करायला घेतला. त्याने पुढच्याला दिली, त्याने त्याच्या पुढच्याला. वेलाच्या शेंड्याची कालची कोवळी पानंसुद्धा कडू झाली. खाली मुळांनाही कळलं.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि भुरी अख्ख्या वेलावर पसरायला निघाली. एका पानावर बसली, मूळ घातलं, तोंड कडू झालं. दुसऱ्यावर बसली, तिथेही तेच. चाळीस पानं फिरली आणि एकाही छपरात तिला सुई रोवता आली नाही. उन्हाने वाळून ती कुंपणाखाली गळून पडली. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

हे धाकटीला कसं कळणार? ती आपली वळतच होती. दुपारी पाण्याच्या नळातून, खाली मुळांकडून, पाण्याबरोबर एक गोळी वर आली. धाकटीने ती खाचेत ठेवली. त्या आकाराचा निरोप तिला पूर्वी कधी आला नव्हता, तरी तो बसला.

“काय म्हणतात?” थोरलीने विचारलं.

“पोचला म्हणतात. सगळ्यांना पोचला. भुरी गेली.” आणि तिखट धाकटी ओक्साबोक्शी रडली. थोरलीने तिला रडू दिलं.

इकडे कोठीकाकूंचं काय झालं ते ऐका. काकू तीन दिवस लिंपलेल्या घरात बसल्या होत्या. ऊन आलं की वरची छोटी चूल पेटायची आणि साखर शिजायची. ती जाणार कुठे? पोती भरली. पोती भरल्यावर रांजण भरला. मग साखर जमिनीवर साचली, गुडघ्यापर्यंत आली. चूल विझत चालली, अंगाचा हिरवा रंग उतरून काकू पिवळ्या पडल्या. उपासाने मरतात हे त्यांनी ऐकलं होतं. आपल्याच साखरेत गुदमरूनही मरतात, हे त्यांना आता कळलं.

त्यांनी भिंतीवर ठोठावलं. “धाकटे, आहेस का गं?”

“आहे. तुम्ही?”

“मी जातेय बाई. जागा उरली नाही घरात. तेवढं लिंपण काढतेस का?”

“आधी सांगा, पोती मोजून झाली का?”

“चिडव. चिडव, पण काढ.”

धाकटीने तिकडून खरवडलं, काकूंनी इकडून. खिडकी उघडली आणि तीन दिवसांची साखर लोटासारखी धाकटीच्या घरात आली, तिथून थोरलीकडे, तिथून रस्त्याला. काकूंना श्वास आला.

“म्हातारीने घर पाडून निरोप धाडला,” त्या म्हणाल्या, “आणि मी तो मुठीत धरून बसले होते. तू ओढून घेतला नसतास तर माझ्या मुठीत अख्खा वेल मेला असता. मला लाज वाटते गं.”

धाकटीच्या जिभेवर काहीतरी तिखट आलं होतं. ते तिने गिळलं. भीती काय असते ते तिलाही ठाऊक होतं. “काकू,” ती म्हणाली, “पलीकडच्या खिडक्या उघडायच्या आहेत. लिंपणाला हात तुमचा चांगला आहे, तर खरवडायलाही असेल. चला.”

काकूंनी पदर खोचला. त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, त्यांनी पुढच्यांना, आणि बघता बघता सगळा गाव लिंपण खरवडू लागला. ज्या घरांत भुरीचं मूळ शिरलं होतं ती घरं काठाच्या म्हातारीसारखीच स्वतःहून पडली होती. पानावर पाच तपकिरी ठिपके होते. त्यांच्याजवळचं लिंपण खरवडताना प्रत्येक घर क्षणभर थांबत होतं. मग खिडक्या उघडल्या, साखर धावली, पाणी धावलं, आणि “घ्या, पुढे द्या”चा असा गजर झाला की शिरेपर्यंत ऐकू आला.

“कसा आहे गं भोपळा?” धाकटीने विचारलं.

“ओढतोय,” थोरली म्हणाली. “असा ओढतोय की मला धरून बसावं लागतंय.”

त्यानंतर महिनाभर ती ओढ वाढतच गेली. मग एका सकाळी ती एकदम थांबली. रस्त्यावर साखर जागच्या जागी उभी राहिली. धाकटीला बहिणीला विचारायचं धाडस होईना.

तिकडे कुंपणाशी घरची बाई आली होती. तिने विळ्याने फळाचा देठ कापला, भोपळा उचलायला गेली, तर एकटीला उचलेना. तिने हाक मारून नवऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून तो लालबुंद भोपळा घरात नेला. बिया काढून बाईने राखेत घोळल्या आणि पुढच्या पेरणीसाठी डब्यात जपून ठेवल्या.

मुळांकडून ती बातमी नळाने वर आली. धाकटीने गोळी खाचेत ठेवली आणि बहिणीला सांगितलं, “पिकला. बिया भरल्या. माणसांनी नेला.”

“हो?” थोरली म्हणाली. “मग हे कोण ओढतंय?”

“कुठे?”

“शेंड्याकडून. बारीक आहे अजून.” तिने नीट लक्ष देऊन पाहिलं. “एक नाही गं. तीन आहेत.”

“तीन?” धाकटी उठून उभी राहिली. “आणि तू हे आता सांगतेस? काकू, पोती काढा बाहेर. वरच्या आळीला निरोप द्या, तीन भोपळे धरलेत म्हणावं.”

“दिला,” कोठीकाकू म्हणाल्या. त्यांनी गोळी केव्हाच वळून पुढे सरकवली होती.

तात्पर्य विचाराल तर ते एवढंच: संकटात दार लावावं, पण निरोप पुढे धाडून मग लावावं, आणि ज्याला आपण रोज देतो त्याच्याकडची खिडकी कधीच बुजवू नये, आपल्या उपाशी दिवशी घास तिथूनच येतो.